दोष मेणाचा

२०१४च्या सोची ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या रिले शर्यतीत नॉर्वेच्या बायका पाचव्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी पुरुष चौथे. दुसऱ्या एखाद्या देशानं पेढे वाटले असते. नॉर्वेत सुतक पडलं. त्यातही बोटं वळली ती धावणाऱ्यांपेक्षा स्कीच्या तळाला मेण चोळणाऱ्यांकडे. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ हा आपल्याकडे टोमणा आहे. तिथे ते तज्ज्ञांचं निदान असतं, आणि पंचाईत अशी की पुष्कळदा ते बरोबरही असतं.

उतारावरून नुसतं खाली येणाऱ्या अल्पाइन स्कीवाल्यांचं आणि स्नोबोर्डवाल्यांचं त्या मानानं बरं. त्यांना फक्त घसरायचं असतं. बर्फाचं तापमान बघायचं, त्या तापमानाची मेणाची वडी निवडायची, इस्त्रीनं तळावर वितळवायची, थंड होऊ द्यायची. मग तेच मेण पट्टीनं खरवडायचं आणि उरलंसुरलं ब्रशनं घासून काढायचं. एवढ्या निगुतीनं लावलेलं बहुतेक सगळं जमिनीवर पडतं. प्लास्टिकच्या तळात जिरलं तेवढंच कामाचं. बघणाऱ्याला हा शुद्ध वेडेपणा वाटतो, पण रीत हीच आहे.

खरा घोळ क्रॉस-कंट्रीच्या क्लासिक प्रकारात. तिथे चढही आपल्याच पायांनी चढायचा, म्हणजे ज्या स्कीनं घसरायचं तिनंच चिकटायचंही. स्कीला मधोमध कमान असते. टोकांना घसरणीचं मेण, मधल्या भागाला पकडीचं. भार दोन्ही पायांवर असताना मधला भाग बर्फावर दाबला जात नाही. एकाच पायावर सगळा भार टाकून रेटा दिला की कमान सपाट होते, बर्फाचे कण मेणात रुततात आणि क्षणभर पाय रोवला जातो. पुढच्या क्षणी ते कण सुटलेही पाहिजेत. मेण फार कडक असलं तर कण रुततच नाहीत आणि चढावर माणूस एक पाऊल पुढे, दीड पाऊल मागे अशी प्रगती करतो. फार मऊ असलं तर रुतलेले कण सुटत नाहीत. तळाला बर्फाचे थर चढतात आणि स्पर्धकाची उंची वाढते, वेग नाही.

नियम सांगायला सोपा आहे. ताज्या, थंड हिमाचे कण टोकदार, त्यांना कडक मेण. जुन्या, उबेनं बोथट झालेल्या कणांना मऊ. वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फाला क्लिस्टर, म्हणजे ट्यूबमधून पिळायचा चिकट द्रव. पीटर ऑस्टब्यू या नॉर्वेजियनानं १९१३मध्ये त्याचं पेटंट घेतलं. क्लिस्टर स्कीपेक्षा हातमोज्यांना अधिक निष्ठेनं चिकटतं. मग मार्टिन मात्स्बू हा १९३६च्या ऑलिंपिकमध्ये रिलेचं कांस्यपदक मिळवलेला स्वीडिश खेळाडू पुढे आला. आस्त्रा या औषध कंपनीच्या मदतीनं त्यानं मेणाला शिस्त लावली, आणि १९४६मध्ये स्विक्स बाजारात आलं: थंडीला हिरवं, मध्यम हवेला निळं, उबेला लाल. डबीवर तापमानही छापलेलं. ‘निळं एक्स्ट्रा’ उणे १ ते उणे ७ अंशांसाठी. फक्त शून्याच्या आसपास सगळे पंडित गप्प होतात, कारण झाडांच्या सावलीतला बर्फ एक मेण मागतो आणि पुढच्या वळणावरचा उन्हातला दुसरं.

रंगीत डब्यांच्या आधी गुप्त पाककृतींचा जमाना होता. १८६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या ला पोर्टसारख्या गावांत सोन्याच्या खाणीतले कामगार लांबलचक लाकडी स्की बांधून सरळ उतारावर शर्यती लावत आणि पैजाही. तळाला लावायच्या लेपाला ते ‘डोप’ म्हणत. त्यात कापूर, एरंडेल, पाइनचा चीक; व्हेलच्या डोक्यातलं मेण वगळलं तर सगळा आजीचा बटवाच. कृती मात्र कुणी कुणाला सांगत नसे.

गुपितं पुढे महाग झाली आणि विषारीही. फ्लोरिनयुक्त मेण पाणी आणि मळ दोन्ही झटकतं. ओल्या बर्फावर त्याला तोड नव्हती. पण ही रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत, आणि संघांसाठी ते मेण लावणाऱ्यांच्या रक्तात ती इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त आढळली. २०२३-२४च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं त्यावर पूर्ण बंदी आणली. ऑक्टोबर २०२३मध्ये ऑस्ट्रियातल्या झोल्डनला हंगामाच्या पहिल्याच जायंट स्लॅलममध्ये स्कीवर फ्लोरिन सापडल्यानं राग्नहिल्ड मोविंकल बाद झाली. उत्तेजक चाचणी खेळाडूची होते हे ठाऊक होतं. आता स्कीचीही होऊ लागली. बाद होणारी नॉर्वेचीच निघावी, हा योगायोगही मेणाला शोभणारा.

काहींनी या कटकटीवर रामबाण तोड काढली: पकडीचं मेण लावायचंच नाही. स्वीडनमधल्या ९० किलोमीटरच्या वासालोपेतमध्ये आघाडीचे धावक दोन्ही काठ्या एकदम रोवत, निव्वळ दंडांच्या बळावर सेलेनहून मूरापर्यंत जातात. ही टूम विश्वचषकातही शिरल्यावर महासंघाला क्लासिक शैलीचीच काळजी वाटू लागली. आता काही चढांवर अशा काठ्या मारायला मनाई आहे. हद्दीच्या पाट्या लावलेल्या असतात आणि पंच डोळ्यांत तेल घालून पाहत असतात की कुणी मेणाशिवाय वर तर जात नाही ना.