बापलेकाचं भांडण, जगाला भुर्दंड

खुर्चीवर बसलेल्या माणसावर सिनेमा काढायचा, तोही टिंगल करणारा, तोही ऐन निवडणुकीच्या तोंडावर. आपल्याकडे असा विचार नुसता मनात आला तरी माणूस आधी वकील गाठतो. अमेरिकेत दिग्दर्शक ऑलिव्हर स्टोनने कॅमेरामन गाठला.

सिनेमाचं नाव एका अक्षराचं, ‘डब्ल्यू.’ नायक जॉर्ज डब्ल्यू. बुश. प्रदर्शनाची तारीख १७ ऑक्टोबर २००८. नायकाचा मुक्काम तेव्हा व्हाइट हाऊसमध्येच होता. पोस्टर लावायला तेवढी भिंत मिळाली नाही.

स्टोनला घाई झाली होती. केनेडींवरचा त्याचा सिनेमा त्यांना जाऊन २८ वर्षं झाल्यावर आला. निक्सनवरचा आला तेव्हा निक्सनही वारले होते. बुशच्या बाबतीत थांबणं परवडणारं नव्हतं. ४ नोव्हेंबरला मतदान. त्यानंतर या माणसात रस कोणाला राहणार?

खरं तर आधीच राहिला नव्हता. सप्टेंबर २००१ मध्ये गॅलपच्या चाचणीत ९० टक्के अमेरिकनांना बुशचा कारभार पसंत होता. सिनेमा आला त्या ऑक्टोबरात आकडा २५ वर घसरला होता. इतक्या पडलेल्या माणसाला लाथ मारायला काय लागतं? धाडस?

नाही. अडीच कोटी डॉलर.

तेवढा खर्च झाला आणि अमेरिकेतल्या तिकीटखिडकीवर जेमतेम तेवढेच परत आले. प्रेक्षकांचं तरी काय चुकलं? महिनाभर आधी लेहमन ब्रदर्स बुडाली होती. बुशच्या कारकिर्दीचा शेवटचा अंक घरबसल्या दिसत होता, तोही स्वतःच्या पेन्शनच्या खर्चाने. त्यात वर तिकीट कोण काढणार?

तरीही सिनेमा आज बघायला घेतला तर हसवतो. जॉश ब्रोलिनने बुशची चाल, मान आणि टेक्ससी हेल असा उचलला आहे की बघताना खऱ्या बुशवर खोटेपणाचा संशय यावा. हा बुश सतत काहीतरी खातोय. तोंडात घास, हातात सँडविच, आणि समोर उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनीने सरकवलेला कागद. कागद कसला? कैद्यांना बोलतं कसं करावं, याचा. जेवता जेवता विषय हातावेगळा.

सुरुवातीच्या एका बैठकीत तर कमाल आहे. देशाची मोठमोठी डोकी गोलाकार बसली आहेत आणि खल चाललाय, शत्रूंच्या टोळीला नाव काय द्यायचं. यातूनच ती ‘दुष्टांची आघाडी’ जन्मली, जी जानेवारी २००२ च्या भाषणातून इराक, इराण आणि उत्तर कोरियाच्या गळ्यात पडली. शत्रू कोण, त्याने केलं काय, पुरावा कुठाय, हे प्रश्न नंतरचे.

आधी घोषवाक्य. अगदी आपल्यासारखंच.

मग बुशच्या क्रॉफर्डच्या रँचवरची ती पायपीट. बुश पुढे, सगळे सल्लागार मागे. वळण मागे राहतं, वरात पुढे जाते. इराक युद्धावर जाडजाड पुस्तकं निघाली आहेत. ज्यांना वेळ नाही त्यांनी एवढा एकच प्रसंग बघावा.

आणि ते प्रेटझेल! अण्वस्त्रांची कळ ज्याच्या हाताशी, तो गृहस्थ टीव्हीवर फुटबॉल बघता बघता खारी बिस्किटवजा वस्तू घशात अडकून बेशुद्ध पडतो. स्टोनने जास्तच ताणलंय असं वाटतं ना? जानेवारी २००२ ची बातमी आहे.

पंचाईत होते ती इथे. मूळच नक्कल वाटत असेल तर नक्कल करणाऱ्याने करायचं काय? त्याच सुमाराला टीव्हीवर विनोदी अभिनेत्री टिना फे उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सेरा पेलिनबाईंची नक्कल करत होती. तिने काय केलं? बाईंनी मुलाखतीत दिलेली उत्तरं काही ठिकाणी जवळजवळ जशीच्या तशी म्हणून दाखवली. अख्खा देश पोट धरून हसला. काम काही मिनिटांत झालं. स्टोन दोन तास नऊ मिनिटं घेतो.

त्याला एवढा वेळ का लागतो? कारण त्याला बाप सापडलाय.

थोरले बुश, म्हणजे राष्ट्राध्यक्ष क्रमांक ४१. जेम्स क्रॉमवेलने उभा केलेला उंच, थंड, खानदानी बाप. धाकट्याचं दारू पिणं, नोकऱ्या सोडणं, तेलाच्या धंद्यात हात पोळणं हे सगळं तो कपाळाला आठ्या घालून निस्तरतो. स्वतःला काय केनेडी समजतोस का, आपण बुश आहोत, असं एकदा सुनावतोही. लाडका मुलगा जेब. जॉर्ज म्हणजे घराला लागलेला घोर. मग १९९१ च्या युद्धात बाबा कुवेत सोडवून थांबतात, बगदादला जात नाहीत. १९९२ मध्ये क्लिंटनकडून हरतात. धाकटा निष्कर्ष काढतो की सद्दामला सोडलं म्हणून बाबा पडले. आणि २००३ मध्ये बाबांचं अर्धवट राहिलेलं काम पूर्ण करायला निघतो.

म्हणजे इराकचं युद्ध का झालं? तेलासाठी? संहारक शस्त्रांसाठी? लोकशाहीसाठी? छे हो.

बाबांनी पाठीवर थाप मारली नाही म्हणून.

मराठी वाचकाला हे चटकन पटतं. कर्तबगार बाप आणि त्याच्या सावलीत खुरटलेले चिरंजीव ही गोष्ट आपण दर पाच वर्षांनी मतदारसंघनिहाय बघतो. आपल्याकडे थोरल्या साहेबांनी डावललेला मुलगा रुसून साखर कारखान्याची निवडणूक लढवतो. बुशने बगदाद लढवलं. ज्याच्या त्याच्या ऐपतीचा प्रश्न.

पण इतकं सहज पटतंय म्हणूनच जरा सावध व्हायला हवं. माणसाचं बालपण कळलं की त्याच्यावरचा राग अर्धा उतरतो. बापाचा धाक कळला की उरलेला उतरतो. चाळिशीत दारू सोडलेला, देवाच्या नादी लागलेला, वडिलांकडे आशाळभूतपणे बघणारा हा माणूस सिनेमा संपेपर्यंत चक्क बिचारा वाटायला लागतो.

बिचारा! तोवर इराकमध्ये चार हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मेले होते. इराकी किती मेले, याच्या मोजणीवरूनच वाद होता. त्यातल्या कोणाचे वडिलांशी संबंध कसे होते?

त्यावर सिनेमा नाही.

गंमत म्हणजे स्टोनकडून ही माया अपेक्षित नव्हती. स्टोन आणि बुश, दोघांचा जन्म १९४६ चा. १९६४ मध्ये दोघांनी येल विद्यापीठात नाव घातलं. स्टोनने शिक्षण सोडलं, व्हिएतनामला गेला, जखमी होऊन परतला. बुशने पदवी घेतली आणि टेक्ससच्या नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे मायदेशाच्या सुरक्षित आभाळात, विमानं उडवली. असा दिग्दर्शक कडकडून चावा घेईल असं वाटलं होतं. त्याने खांद्यावर हात ठेवला.

आणि हात ठेवायला जागा व्हावी म्हणून बरंच काही वगळलं. २००० ची निवडणूक सिनेमात नाही. फ्लोरिडातला ५३७ मतांचा फरक नाही, फेरमोजणी नाही, सर्वोच्च न्यायालय नाही. नायक राष्ट्राध्यक्ष झाला कसा, हेच त्याच्या चरित्रपटात नाही. न्यू ऑर्लिन्स बुडवणारं २००५ चं कॅटरिना वादळही नाही. तिथल्या छपरांवर अडकलेल्या लोकांचा बाबांशी संबंध जोडता आला नसावा.

सगळ्यात मोठी गैरहजेरी मतदाराची. २००४ मध्ये, म्हणजे ती संहारक शस्त्रं सापडली नाहीत हे कळून चुकल्यावर, सहा कोटी वीस लाख अमेरिकनांनी याच माणसाला पुन्हा मत दिलं. पडद्यावर एकही नाही. ते समोर अंधारात पॉपकॉर्न खात हसत बसलेले.

मूर्खावर हसण्यात ही मोठी सोय असते. शहाणे सुटतात.

चेनीचंच घ्या. रिचर्ड ड्रायफसने रंगवलेला चेनी नकाशासमोर उभा राहून शांतपणे सांगतो की तेल कुठे आहे, इराण मध्ये कसा येतो आणि एकदा आत गेलो की बाहेर पडायचंच नाही. सिनेमातला सगळ्यात भयंकर प्रसंग. पण त्यात कोणी काही खात नाही, कोणी घसरून पडत नाही. मग तो लक्षात कसा राहणार?

आणि परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल. सिनेमाने त्यांना सदसद्विवेकबुद्धीचं खातं दिलंय. ते बैठकीत शंका काढतात, कपाळाला आठ्या घालतात, बोचरं बोलतात. पुढे ५ फेब्रुवारी २००३ ला संयुक्त राष्ट्रांत जाऊन जगाला युद्धाची गरजही तेच पटवून देतात. सदसद्विवेक जागा असावा, पण पद सांभाळून.

सिनेमाच्या शेवटाकडे ती प्रसिद्ध पत्रकार परिषद येते. तुमची सर्वांत मोठी चूक कोणती, असं एक पत्रकार विचारतो. बुश आठवतोय, आठवतोय, सापडत नाही. प्रश्न आधी लेखी द्यायला हवा होता, म्हणतो. हेही घडलेलंच, १३ एप्रिल २००४ ला. आता, निदान तो पत्रकारांसमोर उभा तरी राहिला आणि प्रश्न त्याला आधी माहीत नव्हता, असा विचार कुठे कोणाच्या मनात आला असेल, तर तो आम्ही छापणार नाही.

आपल्याकडे म्हणे खुर्चीवरच्या माणसांवर सिनेमे निघत नाहीत. कोण म्हणतं? निघतात की. फक्त आत जाताना चपला बाहेर काढून ठेवायच्या.

२०१९ मध्ये ‘पीएम नरेंद्र मोदी’ लोकसभेच्या मतदानाआधीच लागणार होता. निवडणूक आयोगाने थोपवला. अखेर निकालाच्या दुसऱ्या दिवशी, २४ मे रोजी, प्रदर्शित झाला. तोवर शेवट सगळ्यांना कळला होता. ‘धर्मवीर’ हा आनंद दिघ्यांवरचा सिनेमा मे २०२२ मध्ये आला. त्यात एकनाथ शिंदे नावाचं एक पात्र होतं. दीड महिन्यात ते पात्र मुख्यमंत्री झालं. दुसरा भाग सप्टेंबर २०२४ मध्ये आला, तेव्हा विधानसभेच्या निवडणुकीला दोन महिने उरले होते. योगायोग हा आपल्या चित्रपटसृष्टीतला सगळ्यात मेहनती कलाकार.

टिंगल करायची असेल तर मात्र पद्धत वेगळी. अरविंद केजरीवालांच्या राजकारणावरचा ‘ॲन इनसिग्निफिकंट मॅन’ हा साधा माहितीपट. तेव्हाच्या सेन्सॉर बोर्डाच्या प्रमुखांनी निर्मात्यांना सांगितलं की मोदी, केजरीवाल आणि शीला दीक्षित यांची ना-हरकत पत्रं आणा. ज्याला चिमटा काढायचा, त्याचीच सही घेऊन या. त्याआधीची पद्धत सोपी होती. अमृत नाहटांच्या ‘किस्सा कुर्सी का’च्या प्रिंट आणीबाणीत जप्त झाल्या आणि गुडगावच्या मारुती कारखान्यात जाळल्या गेल्या. कागदपत्रांची कटकट नाही.

तेव्हा अमेरिकेला सलाम ठोकायचा का? ठोका. ‘डब्ल्यू.’ची रिळं कोणी जाळली नाहीत, कोणी काचा फोडल्या नाहीत, कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत. पण सलाम ठोकताना एवढं बघा. आपल्या आरतीपटांत नायक लहानपणापासून महान असतो. स्टोनच्या सिनेमात तो लहानपणापासून बिचारा असतो. बाहेर पडताना दोन्हीकडे त्याच्याबद्दल ऊर भरून येतो.

मग जाळायचं कशाला? अमेरिकन सत्तेला हे आधीच कळलेलं दिसतं. २०२४ च्या ऑक्टोबरात तरुण ट्रम्पवरचा ‘द अप्रेंटिस’ लागला. ट्रम्पच्या वकिलांनी आधी नोटीस धाडली होती, पण सिनेमा लागला. महिनाभरात ट्रम्प निवडून आला. व्यंग्याची धार म्हणतात ती हीच असावी.

बुशची खरी समीक्षा सिनेमानंतर दोन महिन्यांनी बगदादमध्ये झाली. १४ डिसेंबर २००८ ला एका इराकी पत्रकाराने भर पत्रकार परिषदेत त्याच्यावर एकापाठोपाठ एक दोन्ही बूट फेकले. बुशने दोन्ही चुकवले आणि वर बुटाचं माप दहा असल्याचा विनोद केला. स्टोनच्या अख्ख्या सिनेमात बुशला इतकं अचूक टायमिंग कुठेही साधलेलं नाही.

हल्ली तो चित्रं काढतो. २०१७ मध्ये त्याचं पुस्तकही निघालं. चित्रं कोणाची? लढाईत जखमी झालेल्या सैनिकांची. ज्यांना पाठवलं, त्यांनाच समोर धरून रंगवलं. लोक म्हणतात, किती हळवा झालाय! ट्रम्प आल्यापासून तर तो गोड आजोबांत जमा आहे.

या आजोबांनी मे २०२२ मध्ये डॅलसला, स्वतःच्याच नावाच्या संस्थेच्या कार्यक्रमात, पुतिनवर तोफ डागली. एका माणसाने कोणाचं न ऐकता केलेलं अन्यायी, क्रूर आक्रमण, असं म्हणत त्यांनी देशाचं नाव घेतलं: इराक. जीभ चावली, युक्रेन म्हणाले, मग इराकही, असं काहीसं पुटपुटले आणि स्वतःच्या पंचाहत्तरीकडे बोट दाखवून मोकळे झाले. सभागृहात हशा पिकला.

कार्यक्रमाचा विषय होता निवडणुका.