पस्तिशीचा पंचनामा
बाईने पस्तिशीनंतर मूल होऊ द्यायचं ठरवलं, की तिच्या वयाचा पंचनामा सुरू होतो. मात्र मोजलं जातं ते पहिलटकरणीचंच वय. रायगड जिल्ह्यातल्या कशेळ्याच्या आसपासच्या एखाद्या वाडीत अडतिसाव्या वर्षी पाचव्यांदा बाळंत होणारीला ‘उशीर केलास’ असं कोण म्हणतं? तिथे मूल म्हणजे देवाची देणगी. रक्तदाबाला आणि मधुमेहाला हा भेद कळत नाही. पाचव्या खेपेला अतिरक्तस्रावाची भीती तर आणखी वर.

कोणी म्हणेल, निसर्गाचा नियमच तसा. मान्य. डाऊन सिंड्रोमची शक्यता पस्तिशीत सुमारे ३५० त एक, चाळिशीत १०० त एक. १९९४ च्या गर्भलिंग निदानविषयक कायद्यानेही पस्तिशीपुढच्या आईला गर्भाच्या तपासणीची मुभा ठेवली. पण उरलेल्या नव्याण्णवांचं नाव उपदेशात निघत नाही. बापाच्या वयाचंही नाही. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्याने बाईला पन्नाशीपर्यंत आणि बुवांना पंचावन्नपर्यंत मुदत दिली, पाच वर्षं बोनस! धोका खरोखर कमी करायचा, तर भूलतज्ज्ञ हवा, रक्ताची पिशवी हवी. कशेळ्यात ग्रामीण रुग्णालय आहे; जिल्हा रुग्णालय मात्र अलिबागला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. दर महिन्याच्या ९ तारखेच्या सरकारी तपासणीत जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल स्टिकर लागतो. तो चिकटला की शासनाचं काम संपलं. उरलेलं रात्री दोन वाजता गाडी शोधणाऱ्या घरच्यांचं.