आखूड आणि जाड फाउंटन पेन

फाउंटन पेनाच्या ज्या प्रकारात बंद पेनाची लांबी नऊ-दहा सेंटिमीटरच्या आसपास आटोपते आणि जाडी मात्र अंगठ्याएवढी भरते, तो आखूड-जाड प्रकार. हे पेन लिहिण्यासाठी असते. हा खुलासा व्याख्येतच केलेला बरा, कारण पाहणाऱ्याच्या ते लक्षात येतेच असे नाही. नेहमीचे पेन तेरा-चौदा सेंटिमीटरचे असते आणि त्याची मागची बाजू अंगठा व तर्जनी यांच्या बेचक्यात टेकते. आखूड पेन बेचक्यापर्यंत पोहोचतच नाही, चिमटीतच संपते. त्यामुळे लिहिणारा मुठीत काहीतरी लपवतो आहे, असा समोरच्याचा समज होतो.

दोन्ही गुणांची घराणी स्वतंत्रपणे चांगली आहेत. मूळच्या हायडेलबर्गच्या कावेको कंपनीचे 'स्पोर्ट' हे खिशातले पेन विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. आजचे अष्टकोनी टोपणाचे 'स्पोर्ट' बंद असताना साडेदहा सेंटिमीटर भरते, टोपण मागे खोचले की तेराच्या घरात जाते. 1960 आणि 1970 च्या दशकांत जपानमध्ये पायलट, सेलर आणि प्लॅटिनम या तिन्ही कंपन्यांनी शर्टाच्या खिशासाठी लांब टोपणाची, तोकड्या अंगाची पेने काढली. जाडीच्या बाजूला माँ ब्लाँचे 1952 साली आलेले 149 हे पेन आहे. ते करारमदारांवर सह्या करणाऱ्यांच्या हातात शोभते. म्हणजे आखूड असण्यात कमीपणा नाही आणि जाड असण्यातही नाही. दोन्ही एकाच वेळी असले की लोक टक लावून बघतात, आणि हे केवळ पेनांच्या बाबतीत होते असे नाही. अशा पेनाच्या धारकाने हा मुद्दा याहून पुढे नेऊ नये, असे घरातल्यांचे मत आहे.

रचना सोपी आहे. आत ट्यूब नाही, पिस्टन नाही. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा पोकळ दांडा आणि त्यात ड्रॉपरने थेट भरलेली शाई. तयार मिळणाऱ्या छोट्या कार्ट्रिजमध्ये पाऊण मिलिलिटरच्या आसपास शाई मावते. दंडगोलाचे घनफळ जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्याने, साडेतीन सेंटिमीटर खोल आणि आतून एक सेंटिमीटर रुंद अशा या टाकीत पावणेतीन मिलिलिटर शाई राहते. एवढ्या शाईत धारकाची कादंबरी लिहून होणार नाही, पण पहिले प्रकरण शाईअभावी अडले, असेही म्हणता येणार नाही.

अडचण टाकी अर्धी रिकामी झाल्यावर सुरू होते. शाई गेली की तिची जागा हवा घेते. नेहमीच्या पेनात शाईचा साठा बोटांपासून दूर असतो. आखूड-जाड पेनात अख्खी टाकीच मुठीत असते. जानेवारीतल्या सकाळी पुण्यात गार पडलेले पेन हातात आले की आतली हवा सहज दहा अंशांनी तापते, आणि दहा अंशांना हवा तीन टक्क्यांच्या वर फुगते. दोन मिलिलिटर हवा असेल तर तिला 0.06 मिलिलिटरहून थोडी जास्त जागा लागते. थेंब साधारण 0.05 मिलिलिटरचा असतो. निबेखालच्या जिभेवरच्या बारीक खाचा वाढीव शाई धरून ठेवण्यासाठीच असतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. त्या भरल्या की एक टपोरा थेंब कागदावर उतरतो, आणि तो ओळीच्या शेवटी उतरल्याची नोंद नाही. टाकी निम्म्यावर आली की पुन्हा भरणे हा यावरचा उपाय. दुसरा उपाय थंड हातांचा माणूस नेमण्याचा, तो खर्चिक पडतो.

हे पेन कोण घेते? लिहिणारी माणसे जे हाताशी येईल त्याने लिहितात. वाण्याच्या यादीच्या पाठीवर बॉलपेनने चांगल्या कविता झालेल्या आहेत. आखूड-जाड पेन घेणारा माणूस वेगळा. त्याला आपण लिहितो यापेक्षा कशाने लिहितो हे विचारले जावे अशी आस असते. पेन नवे असताना तो आधी 'श्री' काढतो, मग सही करतो, मग सही नीट आली नाही म्हणून आणखी सह्या करतो. आठवड्याभरात सहीला नवी वेलांटी फुटते. मग तो पेन खिशाला लावून बाहेर पडतो आणि कोणी विचारते का याची वाट पाहतो. आजवर विचारणा झाली ती एका इमारतीच्या वॉचमनकडून. "काका, दम्याचा पंप आहे का?" त्यानंतर त्याने लिफ्ट अडवून धरली आणि जिन्याने जाऊ नका असे बजावले. पेनामुळे मिळालेला हा आजवरचा सर्वांत मोठा मान होय.

येथे पेन उसने देण्याच्या पद्धतीचा विचार करणे आवश्यक आहे. आवश्यक नसले तरी तो टाळता येत नाही. उसन्या पेनाचे मुख्य केंद्र बँक. तिथे टेबलाला सुतळीने बांधलेले पेन असते. कधी त्यात रिफिल नसते, कधी पेनच नसते आणि सुतळी तेवढी इमानाने जागेवर असते. मग रांगेतला माणूस मागे वळून "जरा पेन देता?" म्हणतो. मागण्याची ही तऱ्हा अशी की नाही म्हणणारा माणुसकीतून उठतो. घेणारा स्लिप भरतो, मग शेजारच्या आजींची भरतो, मग पेन कानावर ठेवून खिडकीशी वाद घालतो आणि कानासकट निघून जातो. यावर मागच्या पिढीने तोडगा काढला होता: टोपण आपल्याकडे ठेवायचे आणि नुसते पेन द्यायचे. बिनटोपणाचे पेन कोणी खिशाला लावू शकत नाही, म्हणून ते परत येते. कुलपाहून स्वस्त आणि पोलिसाहून खात्रीची अशी ही व्यवस्था आहे. फाउंटन पेन उसने द्यायचे तर आणखी धोके. घेणारा निब उलटी धरतो. खाली कार्बन आहे असे सांगितले की इतका जोर लावतो की निबेचे दोन्ही पाय फाकतात. म्हणून जाणकार धारक देण्यासाठी एक बॉलपेन वेगळे बाळगतो. आखूड-जाड पेनाच्या बाबतीत टोपणाचा तोडगा लागू पडतो, पण विचित्र रीतीने. टोपण म्हणजेच जवळजवळ निम्मे पेन. ते काढून ठेवल्यावर घेणाऱ्याच्या हातात जे उरते, ते पाहून तो उरलेल्या पेनासाठी हात पुढे करूनच उभा राहतो.

याच प्रकारच्या एका बँकेत, नोव्हेंबरात, निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यांचे दिवस होते. रांगेत धारकाचे वडील होते. शाळामास्तर, प्रगतिपुस्तकांवर सह्या करण्यात ज्यांची हयात गेली, असे. आता सांधेदुखीने बोटे आखडलेली, बारीक बॉलपेन चिमटीत फिरते, सही घसरत जाते. खिडकीतल्या बाईंनी सही जुन्या नमुन्याशी ताडून पाहिली. "आजोबा, जुळत नाही. पुन्हा करा." पुन्हा केली, पुन्हा जुळली नाही. नियमाप्रमाणे बाईंचे बरोबर असेल. पण माणूस खिडकीसमोर उभा आहे, श्वास घेतो आहे, आणि तोच आहे हे त्याच्या बोटांनी सिद्ध करावे, त्याच बोटांनी, जी आता त्याचे ऐकत नाहीत, याचा राग मुलाला आला. वडिलांना राग आला नाही, ते ओशाळले. मास्तर कागदावर नापास होताना पाहणे बरे नसते.

मग त्यांनी मुलाच्या खिशातले पेन काढले. कोणत्या कंपनीचे, कुठून आणले, केवढ्याला, काही विचारले नाही. टोपण मुलाच्या हातात दिले आणि सही केली. जाड दांडा आखडलेल्या बोटांत भरून बसतो आणि पकडायला जोर कमी लागतो. सांधेदुखीच्या रुग्णांच्या पेनाला स्पंजाची नळी चढवतात ती याच कारणाने. निब दाबावी लागत नाही, शाई आपणहून उतरते. सही पूर्वीसारखी आली असे नव्हे, पण बाईंनी चष्म्यावरून एकदा पाहिले आणि शिक्का मारला. "हे बरंय. हातात राहतं," एवढाच वडिलांचा अभिप्राय. पेनाची वेलबुट्टी, पारदर्शक दांडा, आत हलणारी निळी शाई यांविषयी त्यांनी अवाक्षर काढले नाही. घरी आल्यावर त्यांनी टोपणही मागून घेतले, तेव्हा मागच्या पिढीची सुरक्षाव्यवस्था मागच्या पिढीनेच मोडीत काढली.

निगा राखण्याचे नियम थोडके आहेत. शाई फाउंटन पेनाचीच हवी. मुंबईत दांडेकरांनी 1931 साली शाईची पूड आणि वड्या विकून सुरू केलेल्या उद्योगातली कॅमलची निळी शाई चालते. चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई कधीही घालू नये, तिच्यातल्या लाखेने जीभ कायमची बसते. शाई बदलताना दांडा आणि निब साध्या कोमट पाण्याने धुवावी. स्पिरिट लावू नये, अ‍ॅक्रिलिकला तडे जातात. आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवले की तिथून गळत नाही. सांडलेली निळी शाई सुती शर्टावरून लवकर धुतली तर बरीचशी जाते, सदऱ्याच्या खिशाच्या शिवणीतून जात नाही. भरताना पेन उभे धरावे, ड्रॉपर आत खोल न्यावा, आणि भरण्याचे काम बोटे सरळ असलेल्या माणसाने करावे. मास्तर शेजारी उभे राहून सूचना देतात.