कुत्र्याचा लिव्हर रिपोर्ट घरच्या घरी वाचा : नवशिक्यांसाठी पाच पायऱ्या

साहित्य : एक कुत्रा (आपण त्याला मोती म्हणू), रक्ताचा एक रिपोर्ट, एक मोबाईल, शेजारी गरजेपुरते.

पायरी १ : नमुना पोहोचवणे
मे महिन्याच्या भर दुपारी रक्ताची नळी पारदर्शक पिशवीत घालून गाडीच्या हँडलला लटकवा आणि आर्णीहून यवतमाळ गाठा. कावीळ दाखवणारे बिलिरुबिन उजेडात विघटित होते. नवजात बाळाला कावीळ झाली की निळ्या दिव्याखाली ठेवतात ते यासाठीच. यवतमाळ येईपर्यंत नळीतली कावीळ थोडीफार उतरलेली असेल. मोतीची आहे तेवढीच राहील. ज्यांना खरा आकडा हवा असेल त्यांनी नळी कागदात गुंडाळून, बर्फाला न टेकवता, थर्मासमधून न्यावी.

पायरी २ : नॉर्मल ठरवणे
लॅब माणसांची असेल, तर बिलिरुबिनपुढे मर्यादा १.२ छापलेली असते. मोतीचे १.० आले. पेढे वाटा. कुत्र्यांसाठी बहुतेक ठिकाणी वरची मर्यादा ०.३ ते ०.६ च्या आसपास धरतात, हे पेढे संपल्यावर वाचा.

पायरी ३ : ठळक आकड्याला घाबरणे
अल्कलाइन फॉस्फेटेज चारशे? लगेच रडू नका. वाढत्या पिल्लात ते हाडांतूनही येते. खाजेसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर कुत्र्याचे लिव्हर हे एन्झाइम जास्तच बनवते. एसजीपीटी हे दुसरे एन्झाइम वाढले म्हणजे बहुधा लिव्हरच्या पेशींना इजा झाली आहे. लिव्हर काम किती करते, ते हा आकडा सांगत नाही.

लघवीच्या पट्टीवर बिलिरुबिनचा एक प्लस आला, तर नर कुत्र्यात तो निरोगी असतानाही दिसू शकतो. मांजरात दिसला तर मात्र दवाखाना गाठा.

पायरी ४ : शेजाऱ्यांचा सल्ला घेणे
काका फाटकातूनच निदान करतील : “डोये पाय बे त्याचे, पिवये झाले. लिव्हर गेलं!” मग काविळीची माळ येईल. माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते म्हणतात. मोती ती संध्याकाळपर्यंत चावून संपवेल.

लिव्हर निर्दोषही असू शकते. गोचिडांमधून येणारा बबेसिया हा परजीवी तांबड्या पेशी फोडतो आणि त्यातूनच बिलिरुबिन वाढते. डोळे पिवळे आणि हिरड्या पांढरट, असे दिसले तर आधी रक्ताकडे बघायचे. उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टो हा आजार लिव्हरवर घाव घालतो, आणि तो माणसांनाही होतो. म्हणून मोतीची लघवी उघड्या हाताने पुसू नका. पित्ताची वाट अडली तरी रंग हाच.

पायरी ५ : औषध देणे
घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. या पायरीत एवढेच आहे.

आता रिपोर्ट घेऊन पशुवैद्यांकडे जा. ते आधी मोतीचा ओठ उचलतील, कान उलटून गोचीड शोधतील आणि विचारतील : वय किती, लस कधी दिली, खाजेला काय देत होता? उत्तरे कागदावर लिहून न्या. रिपोर्टात ती छापत नाहीत.