कौतुकाला बिचकणारा माणूस

जर्मन उपरोधाचा इंग्रजीत अनुवाद करून पोट भरणारा माणूस ओळखायचा असेल, तर त्याला 'तुमचं काम फार छान झालंय' असं म्हणून बघावं. दुसरा कुणी आभार मानेल. हा विचारतो, 'छान म्हणजे?' बायकोने 'आज अगदी वेळेवर आलात हं' म्हटलं, की तो आधी घड्याळ बघतो, मग तिचा चेहरा, मग पुन्हा घड्याळ. भाजीवाल्याने 'साहेब, तुमच्यासारखं गिऱ्हाईक नाही' म्हटलं, की याची नजर तराजूवर. घरचे याला तिरकस म्हणतात, सोसायटीतले शिष्ट. माझं म्हणणं असं, की हा संशय म्हणजे स्वभावातली खोड नव्हे; या धंद्यातली ती मूळ पात्रता आहे. कौतुक ऐकून ज्याला लगेच बरं वाटतं, त्याने खुशाल यंत्रांच्या माहितीपुस्तिका अनुवादाव्यात, उपरोधाच्या वाटेला जाऊ नये.

का, ते बघा. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी जर्मन घरात भेटी वाटतात, त्याला 'बशेरुंग' म्हणतात. आणि स्वयंपाकघरातला नळ फुटून घोटाभर पाणी साचलं, की तोच जर्मन दारात उभा राहून म्हणतो, 'शोने बशेरुंग!' म्हणजे, काय सुंदर भेटवाटप! भाबडा अनुवादक शब्दाला जागतो आणि इंग्रज वाचकाला वाटतं, प्लंबर खाऊ घेऊन आला. संशयी अनुवादक आधी पाण्याकडे बघतो, मग वाक्याकडे, आणि 'अ फाइन मेस' लिहून मोकळा होतो. भेटी गेल्या, ख्रिसमस गेला, कपाळावरची आठी तेवढी राहिली. इथे निदान पाणी तरी दिसतं. 'दास कान या हायटर वेर्डन' या वाक्यात तेही नाही. वरवर अर्थ एवढाच, की हे आता आनंदाचं होऊ शकतं. प्रत्यक्षात बोलणारा पुढचे तीन तास कसे जातील या काळजीत असतो. हा आनंद नासवण्यात मोठा हात मधल्या 'या'चा. सुटा असताना 'या' म्हणजे 'हो', पण वाक्याच्या पोटात शिरला की 'हो'शी त्याचं नातं तुटतं. या, डॉख, माल, हाल्ट, वोल ही सगळी त्याची भावंडं. शैलीचे जुने पंतोजी त्यांना भरताड समजत. पुढे हाराल्ट वाइट (आडनावावर मराठी वाचकाने जाऊ नये) यांनी 1969 मध्ये फ्रेंचशी ताडून त्यांच्यावर सबंध पुस्तक लिहिलं आणि या टिल्ल्या शब्दांना भाषाशास्त्रात बसायला पाट मिळाला. पुण्यात जर्मन शिकलेल्या मराठी माणसाला हे समजायला जड जात नाही. 'शहाणाच आहेस'मधला 'च' आणि 'तो म्हणे साहेब झाला'मधला 'म्हणे' त्याने आईच्या तोंडून ऐकलेले असतात. अडचण पुढे येते. इंग्रजीत 'च' नाही. तिथे तेच विष दुसऱ्या भांड्यात ओतावं लागतं: 'वेल, धिस शुड बी फन.' जर्मन 'या'चं काम इथे 'शुड'ने केलं. शब्दकोशात दोघांची ओळखही नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: जर्मन माणसाला विनोद कुठे असतो? हा आक्षेप घेणाऱ्याने हाइने, टुखोल्स्की आणि लोरिओ ही तीन नावं लिहून घ्यावीत आणि पुढचं बोलणं नंतर करावं. दुसरा आक्षेप वजनदार आहे. ख्रिसमस काढून टाकला तर जर्मन घराचा वासच गेला, मग वाचकाला परक्या देशात नेलंत कशाला? पण नळ फुटल्यावर जर्मन माणसाच्या मनातही ख्रिसमस नसतो, जसा 'काय दिवे लावलेस!' म्हणताना आपल्या मनात तेलवात नसते. जे मूळ वाचकाला दिसत नाही ते अनुवादाच्या वाचकाला कशाला दाखवायचं? हां, गोष्टीतला नळ नेमका ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी फुटला, तर मात्र भेटी परत आणायलाच हव्यात, आणि तिथे भलेभले घाम पुसतात. तिसरा आक्षेप खुद्द संशयावरच आहे. सगळंच उलटं वाचणाऱ्याचं काय? तोही फसतो, आणि त्याला फसवायला श्टुटगार्टकडचे श्वाबी लोक पुरेसे आहेत. त्यांच्याकडे न रागावणं हेच पुरेसं कौतुक मानतात. जेवून उठताना श्वाबी पाहुणा 'खाण्यासारखं आहे' म्हणाला, तर यजमानीणबाईंनी पदक मिळाल्यासारखं वागायला हरकत नाही. तेव्हा संशय घ्यायचा तो स्तुतीचा आणि निंदेचाही, आणि त्याआधी बोलणारा कुठला ते विचारायचं.

या संशयाला खरा बहर येतो तो जर्मन प्रशस्तिपत्र हातात पडल्यावर. नोकरी सोडताना असं पत्र मागणं हा तिथे कायदेशीर हक्क आहे. न्यायालयांच्या मते ते खरं हवं आणि माणसाच्या पुढच्या वाटचालीला पोषकही हवं. खरंही बोला आणि गोडही बोला म्हटल्यावर व्हायचं तेच झालं. 'सदैव आमच्या पूर्णतम समाधानाप्रमाणे काम केलं' असं असेल तर पहिला वर्ग. (पूर्णाहून पूर्ण काय असतं, हे व्याकरणवाल्यांनी विचारून झालंय.) 'पूर्णतम'चं 'पूर्ण' झालं की एक पायरी खाली, 'सदैव' गळलं की आणखी एक, नुसतं 'समाधान' उरलं तर काठावर पास. आणि 'त्यांनी प्रयत्न केला' म्हणजे सरळ नापास. 'त्यांच्या मिळूनमिसळून वागण्याने कचेरीतलं वातावरण सुधारलं' या वाक्यातून तर अनुभवी वाचकाला दारूचा वास येतो. गंमत म्हणजे पत्रात असा छुपा अर्थ भरायला तिथल्या कायद्याच्या 109व्या कलमाने मनाई केलेली आहे.

आता असं पत्र घेऊन कुणी अभियंता भारतात परततो आणि इंग्रजी अनुवाद मागतो. हल्ली यंत्रं हे काम चुटकीसरशी करतात, आणि 'हायटर वेर्डन'सारखे घासून गुळगुळीत झालेले वाक्प्रचार त्यांना जमतातही. पण यंत्राला 'प्रयत्न केला' हे वाचून वाईट वाटत नाही. ते एक प्रसन्न इंग्रजी वाक्य देऊन मोकळं होतं. आपल्या माणसाला सगळं दिसतं, आणि पंचाईत ही, की बोलता येत नाही. 'नापास' असं तो लिहू शकत नाही, कारण कागदावर तसं नाही. तळटीप घालावी तर ज्याचे पैसे घेतले त्याच्याच पोटावर पाय. शेवटी तो 'ही एन्डेव्हर्ड' हा त्यातल्या त्यात थंड शब्द निवडतो, खाली अचूकतेचा दाखला देऊन सही करतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत न बघता कागद पुढे सरकवतो. अभियंता तो वाचून खूश होतो आणि विचारतो, 'सर, ते मिळूनमिसळून वागण्याचं वाक्य जरा ठळक टाइपात घेता येईल का?'