मध्यमेची नेमणूक

जिल्हा कचेरीच्या दप्तरखान्यात ३५ वर्षे इमानेइतबारे चाकरी करून निवृत्त झालेल्या गृहस्थाने सकाळी ज्ञानेश्वरी उघडावी आणि सायंकाळी पर्वतीच्या पायऱ्या मोजाव्यात, ही आमच्या पेठेची पूर्वापार वहिवाट. ती मोडण्याचा माझा मानस मुळीच नव्हता. परंतु चिरंजीव नोकरीनिमित्त बंगलोरास रवाना होताना आपली बेस गिटार पलंगाखाली टाकून गेले, आणि बेवारस मालाचा ताबा घेऊन त्याची रीतसर नोंद केल्यावाचून मला झोप लागत नाही.

वाद्य उचलले तेव्हा प्रथम आठवण झाली ती गॅस सिलिंडरची. चारच तारा, पण एकेकीची वाजती लांबी ३४ इंच. कॅलिफोर्नियाच्या लिओ फेंडर यांनी १९५१ साली असले वाद्य बाजारात आणले आणि पडद्यांमुळे सूर अचूक लागतो म्हणून त्याला 'प्रिसिजन' असे भारदस्त नाव दिले. मात्र त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, हे कळल्यावर मला जो धीर आला तो कोणत्याही संतचरित्राने आजवर दिला नव्हता.

गुरू म्हणून चिरंजीवांचा तेवीस वर्षांचा मित्र लाभला. "काका, आधी ए मायनर घेऊ. एकदम सोपी आहे," असे म्हणून त्याने माझा अंगठा दांडीमागे टेकवला आणि उरलेल्या चार बोटांस पाचव्या पडद्यापासून आठव्यापर्यंत एकेक पडदा नेमून दिला. जाड तारेवर पाच, सात, आठ. दुसरीवर पुन्हा पाच, सात, आठ. तिसरीवर पाच आणि सात की सप्तक पुरे. प्रत्येक तार मागल्या तारेच्या मध्यमात मिळवलेली असल्यामुळे एकच मसुदा दोनदा चालतो, ही सोय कोणाही कारकुनाला आवडावी अशीच. परंतु दप्तरातली गफलत हेरण्यात ज्याची हयात गेली, त्याच्या नजरेतून सहावा पडदा कसा सुटणार? तेथे नेमलेल्या मध्यमेला संपूर्ण आरोहावरोहात एकही काम नव्हते! सर्वांत उंच, सर्वांत सशक्त बोट हजेरीपटावर सही करून अधांतरी झुलत होते, आणि शाळेत लघुशंकेची परवानगी मागण्यापलीकडे जिने जन्मात सार्वजनिक कार्य केले नाही, त्या करंगळीवर गंधार आणि धैवत या दोन जड स्वरांचा बोजा पडला होता. असे दृश्य मी यापूर्वी केवळ आमच्या कचेरीतच पाहिले होते.

करंगळीस घट्टा पडेपर्यंत घरात आणि घराखाली बरीच उलथापालथ झाली. या वाद्याची जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात, आणि इतका खर्जातला नाद भिंतीला वा जमिनीला जुमानत नाही. खालच्या आजींनी "वर गिरणी घातलीत की काय?" अशी तोंडी तक्रार गुदरली, त्यांच्या फडताळातले पितळी डबे माझ्या कोमल धैवताला दाद देत असत, शुद्ध ऋषभाला मात्र कधीही नाही. सौभाग्यवतींचा आक्षेप निराळा, आणि शास्त्रोक्त.

"अहो, ग, ध, नी कोमल म्हणजे हा आपला आसावरी थाट झाला. आसावरी सकाळची. रात्री आठ वाजता कसली वाजवताय?"

पाश्चात्त्यांकडे प्रहरांचे बंधन नाही, असा खुलासा मी सादर केला. तो दप्तरी दाखल झाला. मंजूर झाला नाही.

तिसऱ्या महिन्यात गुरू म्हणाला, "काका, आता हार्मोनिक मायनर. एकच सूर बदलायचा. नी शुद्ध." शुद्ध निषाद षड्जाच्या उंबऱ्यावरच उभा असल्यामुळे घरी परतण्याची ओढ वाढते, असे त्याने समजावले, तोच स्वयंपाकघरातून "मग ही किरवाणी!" असा निवाडा आला. माझे लक्ष मात्र तिसऱ्या तारेकडे होते. पाचव्या पडद्यावरचा निषाद एक घर सरकून सहाव्यावर आला होता. म्हणजे तर्जनी त्या कामातून मुक्त, आणि मध्यमेची नेमणूक!

मी हुकूम सोडला. तीन महिने बसून पगार खाल्लेली मध्यमा प्रथम दुसऱ्याच तारेवर रुजू झाली, तेथून खजील होऊन उठली, आणि अखेर सहाव्या पडद्यावर पोहोचली तेव्हा अनामिका षड्ज वाजवून केव्हाच मोकळी झाली होती.