रेडमंडचे परराष्ट्रखाते

मराठी वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत आढळणाऱ्या जागतिक राजकारणावरील सदराच्या एका विशिष्ट जातीत लेखकाच्या नावाखाली 'वॉशिंग्टन' एवढा एकच शब्द तिरप्या ठशात छापलेला असतो. पत्रकारितेत ज्याला स्थळनाम म्हणतात, म्हणजे मजकूर जेथून लिहिला गेला त्या ठिकाणाचा निर्देश, तो हा शब्द असून सदराचे निम्मे वजन त्यावरच तोललेले असते. सांगलीच्या किंवा नगरच्या वाचकाची त्यामुळे अशी प्रामाणिक समजूत होते की, लेखकाच्या खिडकीतून व्हाइट हाउसची हिरवळ दिसत असावी आणि कोणत्या देशाच्या राजदूताची गाडी किती वाजता आत गेली याची नोंद तो चहा पिता पिता घेत असावा. वस्तुतः त्या खिडकीतून शेजाऱ्याचे गॅरेज आणि त्यामागे पावसात भिजणारी उंच सूचिपर्णी झाडे एवढेच दिसते. कारण लेखक राजधानीत नव्हे, तर वॉशिंग्टन याच नावाच्या राज्यात, सिएटलच्या पूर्वेस असलेल्या रेडमंड गावी राहतो आणि तेथून राजधानी सुमारे 3,700 किलोमीटरवर, म्हणजे मुंबईहून दुबईला जाऊन परत यावे जवळजवळ तितकी दूर आहे. 1853 साली या प्रदेशाला 'कोलंबिया' हे नाव देण्याचे घाटत होते, परंतु राजधानीच्या 'डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया'शी घोटाळा होईल या भीतीने अमेरिकी काँग्रेसने ते बदलून 'वॉशिंग्टन' केले. घोटाळा टाळण्याच्या या उपायाचा लाभ मराठी सदरलेखकाइतका अन्य कोणालाही झाला नसावा.

या सामाजिक प्रकारास 'शिष्टाई-स्तंभकार' म्हणणे सोयीचे ठरेल. शिष्टाई म्हणजे भांडणाऱ्या दोन पक्षांमध्ये जाऊन समेटाची बोलणी करणे. कौरवांकडे पाच गावे मागायला गेलेला श्रीकृष्ण हे तिचे मराठी मनातील आद्य उदाहरण होय. प्रस्तुत स्तंभकार त्या काळी हस्तिनापुरात असता, तर 'पाच गावांवर घसरण: पांडवांच्या मुत्सद्देगिरीचा पराभव' असे शीर्षक त्याने दूत सभेत पोहोचण्यापूर्वीच पाठवून दिले असते. पोटाचा उद्योग म्हणून तो संगणकाच्या आज्ञावली लिहितो, जे स्वाभाविकच आहे. 1986 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले मुख्यालय येथे आणल्यापासून या गावात आज्ञावली न लिहिणारा मराठी माणूस भेटला, तर तो बहुधा मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेला वडील असतो, आणि स्तंभकाराचा हक्काचा श्रोताही तोच असतो.

या प्रकाराची वंशावळ शोधू गेल्यास ती पेशवाईतील अखबारनविसापर्यंत नेता येते. अखबारनवीस म्हणजे परदरबारात राहून तेथील बातमी लिहून पाठवणारा, आणि वकील म्हणजे त्या दरबारात आपल्या धन्याच्या वतीने बोलणारा. या मंडळींना आपण पाहतो ती गोष्ट किती हळू घडते याची पुरेपूर जाण असे. महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने इंग्रज आणि पेशवे यांच्यात 17 मे 1782 रोजी सालबाईचा तह झाला खरा, पण नाना फडणविसांनी त्यास मान्यता दिली ती 1783 च्या फेब्रुवारीत; मधल्या नऊ महिन्यांतील बहुतेक काळ हैदरअलीच्या बळावर आणखी काही पदरात पडते का, हे नाना पाहत राहिले. आजच्या स्तंभकारास हे नऊ महिने परवडण्यासारखे नाहीत, कारण त्याला दर रविवारी आठशे शब्द भरावयाचे असतात आणि वाट पाहण्यावर आठशे शब्द लिहिता येत नाहीत. शिवाय अखबारनवीस धन्याला ठाऊक नसलेले लिहीत असे, तर स्तंभकार जे वाचून लिहितो ते वाचकाने आदल्या रात्री आपल्या मोबाइलवर वाचलेलेच असते.

त्याची लेखनपद्धती तीन सूत्रांत सांगता येईल. पहिले सूत्र धावफलकाचे: वाटाघाटी कोणत्याही असोत, त्यात कोणी कोणास शह दिला, कोणाची नाचक्की झाली आणि हस्तांदोलनाच्या छायाचित्रात कोणाचा हात वर होता, हे आधी ठरवायचे. दुसरे सूत्र विम्याचे: पुरवणीची पाने रविवारच्या कितीतरी आधी लागतात आणि रेडमंडचे घड्याळ भारताच्या उन्हाळ्यात साडेबारा व हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असते, त्यामुळे मजकूर पाठवल्यावर आणि छापून येण्यापूर्वी करार होण्याचा धोका कायम असतो. म्हणून 'करार झालाच तर तो कागदावरच राहील, आणि न झाल्यास तो कधी होणारच नव्हता' अशा वाक्याने लेखाचा शेवट करायचा. तिसरे सूत्र तिरस्काराचे: मसुद्यातील शब्दांवरून चाललेल्या घासाघिशीला 'शब्दांची कसरत' म्हणून एका ओळीत निकालात काढायचे.

या तिसऱ्या सूत्रात त्याची खरी शोकांतिका दडलेली आहे, कारण शांततेचा बहुतेक व्यवहार शब्दांतच चालतो. 22 नोव्हेंबर 1967 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने संमत केलेल्या 242 क्रमांकाच्या ठरावात इस्राएलने व्यापलेल्या प्रदेशांतून माघारीचा उल्लेख आहे. इंग्रजी पाठात 'प्रदेश' या शब्दापूर्वी निश्चयवाचक उपपद नाही, फ्रेंच पाठात ते आहे. त्यामुळे एका पक्षाने 'काही प्रदेश' असा आणि दुसऱ्याने 'सगळे प्रदेश' असा अर्थ लावला. दोन्ही पक्षांना आपापला अर्थ काढता यावा यासाठी मजकूर मुद्दाम सैल ठेवण्याच्या या कलेस विधायक संदिग्धता म्हणतात. मराठीत असे उपपदच नसल्याने स्तंभकाराच्या लेखात हा सारा वाद दिसेनासा होतो, आणि ज्याने एका सुटलेल्या अर्धविरामापायी कचेरीत रात्री जागवल्या, तोच इथे 'एका क्षुल्लक शब्दावरून' असे लिहून पुढे सरकतो.

त्याहून मौजेची गोष्ट अशी की, शिष्टाईचा एक अस्सल नमुना त्याच्या अंगणात आहे. पाहुणे आले की तो त्यांना अनाकॉर्टिसहून बोटीने सॅन व्हान बेटावर ओर्का देवमासे दाखवायला नेतो. हे बेट अमेरिकेचे की ब्रिटनचे, हे 1846 च्या करारातून स्पष्ट होत नव्हते, कारण सीमा 'खाडीच्या मध्यातून' जाते असे त्यात म्हटले होते आणि खाडीला फाटे दोन होते. 1859 च्या जूनमध्ये एका अमेरिकी शेतकऱ्याने आपले बटाटे उकरणारे, ब्रिटिश कंपनीच्या मालकीचे डुक्कर गोळी घालून मारले आणि काही आठवड्यांत ब्रिटनच्या पाच युद्धनौका व अमेरिकेचे सैनिक समोरासमोर उभे राहिले. पुढे एकही माणूस न मरता दोन्ही सैन्यांनी बेटाच्या दोन टोकांना तळ ठोकले, बारा वर्षे एकमेकांना सणासुदीला जेवायला बोलावले, आणि अखेर 1872 मध्ये जर्मन सम्राट पहिला विल्हेल्म याने लवाद म्हणून बेट अमेरिकेला दिले. डुकरावरून पेटलेल्या आणि जेवणावळींनी विझलेल्या या भांडणावर स्तंभकाराने आजवर ओळही लिहिलेली नसते, कारण त्यात कोणाची नाचक्की झाली हे सांगता येत नाही. मात्र देवमाशांची छायाचित्रे त्याच्याकडे चारशे असतात.

तथापि हा मनुष्य शिष्टाईस अपात्र आहे, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. गणेशोत्सवाच्या सुमारास नाटकवाले आणि मुलांचे नाच बसवणारे यांच्यात संध्याकाळी सातची वेळ कोणाची, यावरून गावच्या मराठी मंडळाच्या समितीत जेव्हा अबोला धरला जातो, तेव्हा मध्यस्थीसाठी त्यालाच पाचारण करतात. मग हेन्री किसिंजर 1974 च्या मे महिन्यात दमास्कस आणि जेरुसलेम यांच्यामध्ये जशा खेपा घालत होता, तशा तो दोन घरांमध्ये घालतो. एका घरी कांदेपोहे आणि दुसऱ्या घरी साबुदाण्याची खिचडी खातो, एकीकडच्या वहिनींचे कठोर शब्द दुसरीकडच्या काकांना मवाळ करून सांगतो, आणि चौथ्या दिवशी समितीच्या इतिवृत्तात असे वाक्य लिहितो की, 'दोन्ही कार्यक्रम सायंकालीन सत्रात, आरतीच्या अनुषंगाने, उचित वेळी सादर होतील.' या वाक्यातून सातची वेळ आपल्यालाच मिळाली असे दोन्ही पक्ष समजतात, आरती लांबते, आणि साडेसातला सुरू झालेला नाच नाटकवालेही टाळ्या वाजवून पाहतात.

त्या रात्री घरी परतल्यावर मोदकांचा डबा बाजूला सारून तो सदर लिहावयास बसतो आणि कोठल्याशा दूरच्या युद्धातील वाटाघाटींविषयी पहिलेच वाक्य असे लिहितो की, शब्दांच्या कसरतींनी शांतता कधी नांदलेली नाही. आणि त्याच्या नावाखाली नेहमीप्रमाणे तिरप्या ठशात छापून येते, 'वॉशिंग्टन'.